सार्वमत : कायद्याचे बळ आणि लोकमान्यतेचे बळ

१८ सप्टेंबर २०१४ रोजी एडिंबरा येथे वैध वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकास स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याविषयी मत देता आले. ग्लासगोत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसास मात्र ते देता आले नाही. मताधिकार जन्मावर नव्हे, तर वास्तव्यावर ठरला होता आणि त्यात राष्ट्रकुलातील नागरिकही होते. आपल्यापैकी कित्येकांना तेव्हा याचे नवल वाटले असेल. परंतु ज्यांनी निर्णय घ्यायचा ते ‘लोक’ कोण, हा सार्वमतापुढील पहिलाच प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यानुसार दोन राज्यांचे एकत्व हा विषय वेस्टमिन्स्टरच्या संसदेकडे राखीव आहे. २०१२ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला आणि कलम ३० अन्वये सार्वमत घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेस तात्पुरता मिळाला. ८४.६ टक्के मतदान झाले, त्यांपैकी ५५.३ टक्के मतदारांनी विभक्त होण्यास नकार दिला आणि हरलेल्या पक्षाने तो निकाल स्वीकारला.

पुढे लंडनने पुन्हा संमती दिली नाही. आम्ही केवळ लोकांचे मत विचारतो, त्याने कायदा बदलत नाही, असा युक्तिवाद मग सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने तो अमान्य केला. असे मतदान सल्लावजा असले तरी त्याचे राजकीय परिणाम मोठे असतात, हे त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. मात्र, मग संमती मागावी तरी कोणत्या मार्गाने, याचे उत्तर त्या निकालात नाही.

संमतीवाचून काय होते, ते कॅटालोनियाने १ ऑक्टोबर २०१७ रोजी अनुभवले. घटनात्मक न्यायालयाची स्थगिती झुगारून मतदान झाले. सुमारे ९० टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. पण मतदान होते जेमतेम ४३ टक्के. विरोधक बहुतांशी घरीच थांबले होते. पोलिसांच्या लाठीने स्पेनची अप्रतिष्ठा झाली हे खरे, तरी तेवढ्याने त्या आकड्यांना वजन आले नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकविषयी मधला मार्ग सांगितला : प्रांतास एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार नाही, परंतु स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाल्यास उर्वरित देशावर वाटाघाटी करण्याचे बंधन येते. तीनच वर्षांपूर्वी तेथे विभक्ततेचा प्रस्ताव ४९.४२ टक्के मते मिळवून निसटता पडला होता. ‘स्पष्ट बहुमत’ म्हणजे किती, हे न्यायालयाने राजकारण्यांवर सोपवले. २००० साली संसदेने त्यासाठी खास कायदा केला, पण त्यातही आकडा घातला नाही.