उंदीर मोजायचे कसे? (लेखांक सहावा)

मागच्या आठवड्यात सिंहगडच्या उंदराची ओळख झाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला ‘मिलार्डिया कोंडाना’ म्हटलं. आज तो संकटग्रस्त प्राण्यांमध्ये गणला जातो. मग असे उंदीर आहेत तरी किती? हा रात्री हिंडणारा, बिळात राहणारा प्राणी. तो सापळ्यात आला तरच मोजता येतो, आणि इथेच गोम आहे. कोण येणार, हे बरंचसं सापळाच ठरवतो.

स्प्रिंगचा चाप स्वस्त, हलका, पण तो उंदराला मारतो. नवी जात ठरवताना कवटी आणि दात तपासावे लागतात, तिथे मेलेला नमुना लागतोच. पण मोजदादीसाठी, तेही थोड्याच जागेत राहणाऱ्या या जातीवर, चाप लावणं मला मुळीच मान्य नाही. शिवाय उंदीर मरून अंग गार पडलं की पिसवा ते सोडून जातात. प्लेगचा अभ्यास करणाऱ्यांना पिसवाच हव्या असतात, म्हणून त्यांनाही जिवंत उंदीर लागतो.

जिवंत पकडायला जगभर वापरतात तो शर्मन सापळा: ॲल्युमिनियमची घडीची पेटी. उंदीर आत शिरून पट्टीवर पाय देतो आणि दार लागतं. एका पेटीत एकच उंदीर, त्यामुळे कोण कुठे सापडला याची नोंद चोख होते. घुशीसारखं मोठं जनावर मात्र त्यात मावत नाही. उन्हात पत्रा भट्टीसारखा तापतो, म्हणून उन्हाळ्यात पेट्या दिवस उजाडताच तपासून बंद कराव्या लागतात. आपल्याकडचा तारेचा पिंजरा हवेशीर, पण पावसात आतला प्राणी भिजून गारठतो आणि जाळी मोठी असेल तर लहान उंदीर निसटतात. वंडर ट्रॅपमध्ये एकामागून एक बरेच शिरतात. घर-गोदामासाठी ते ठीक, पण कोंडलेले उंदीर एकमेकांना चावतात आणि कोण कधी आला ते कळत नाही.

आता आकड्यांकडे. समजा, पहिल्या रात्री २० उंदीर पकडून, खूण करून सोडले. पुढच्या फेरीत १५ सापडले, त्यांतले ५ खुणेचे. २० गुणिले १५, भागिले ५. अंदाज ६०. पण पहिल्या अनुभवाने बिचकलेले उंदीर सापळा टाळू लागले आणि खुणेचे तीनच आले, तर तोच हिशेब १०० सांगतो. उलट आयते शेंगदाणे मिळतात म्हणून ते पुन्हापुन्हा येऊ लागले आणि खुणेचे १० निघाले, तर ३०. उंदीर तेवढेच, आकड्यांत तिपटीहून जास्त फरक! म्हणून सापळा कोणता, आमिष काय, किती रात्री लावला, हे न सांगता दिलेल्या संख्येवर मी विश्वास ठेवत नाही. ५० सापळे ४ रात्री म्हणजे २०० सापळा-रात्री. त्यांत १० उंदीर आले, तर शंभराला पाच. निदान अशा भाषेत तरी दोन ठिकाणांची तुलना करता येते.

सापळ्याविनाही एक पडताळा आहे. शेतीतले अभ्यासक संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवतात आणि सकाळी किती उकरली गेली ते मोजतात. बीळ वापरातलं आहे का, हे कातकरी माणूस तोंडाशी पडलेल्या ताज्या मातीवरूनच सांगतो. मात्र बिळात कोणती जात आहे, ते बुजवून कळत नाही.

सिंहगडावर आणखी एक पेच. पिठलं-भाकरीच्या आणि भज्यांच्या टपऱ्यांजवळ सापळे लावले, तर खरकट्यावर येणारे घरउंदीर ते अडवून बसू शकतात. तेव्हा टपऱ्यांपासून दूर, झुडपांच्या कडेने ठरावीक अंतरावर शर्मन पेट्या, आत मूठभर सुकं गवत, आमिषाला भाजलेले शेंगदाणे. आणि शेजारच्याच पट्ट्यात बिळांची मोजणी. दोन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब गेले, तर आधी सापळ्यांच्या जागा बदलून पाहाव्यात.

(पुढील आठवड्यात: पकडलेल्या उंदराला खूण कशी करतात)