पहिले बाइट पाहा
भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या छापखान्याच्या जुन्या डिस्कवर अनोळखी फाँट सापडला, तर फाइलच्या नावावर विसंबू नका. हेक्स एडिटरमध्ये तिचे पहिले बाइट पाहा. ठिपक्यांच्या अक्षरांची विंडोजची एफओएन फाइल ‘एमझेड’ने सुरू होते. पण ईएक्सईही तशीच सुरू होते, म्हणून आतला फाँटचा भाग तपासावाच लागतो. लिनक्स कन्सोलच्या जुन्या पीएसएफची खूण ३६ ०४, एक्स विंडोच्या पीसीएफची ०१ ६६ ६३ ७०. बीडीएफ हा साधा मजकूर, पहिला शब्द ‘स्टार्टफाँट’. ०० ०१ ०० ०० दिसले तर ती सहसा बाह्यरेषांची ट्रूटाइप. युनिकोडपूर्व मराठी डीटीपीत हीच फार वापरली गेली. सी-डॅकच्या आणि श्रीलिपीच्या फाँटमधली अक्षरांची सांकेतिक मांडणी मात्र वेगवेगळी आहे. मजकुरासोबत मूळ फाँटही जपा, नाहीतर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात.