मेंडोसिनोचा किनारा : एका जहाजफुटीतून वसलेली गावे

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस पॅसिफिक महासागराला लागून मेंडोसिनो काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा. कड्यांवरील लहान गावे, दीपगृहे आणि रेडवूड वृक्षांची अरण्ये यांसाठी हा किनारा प्रसिद्ध आहे. या गावांच्या जन्मकथेचा एक धागा थेट मुंबई बंदराशी जोडलेला आहे.

१८४४ मध्ये बाल्टिमोर येथे बांधलेले 'फ्रॉलिक' हे शिडाचे जहाज मुंबईहून चीनला अफू नेत असे. या व्यापारात वाफेची जहाजे उतरल्यावर ते मागे पडले. तेव्हा मालकांनी ते चिनी माल भरून सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठविले. सोन्याच्या शोधात आलेल्यांमुळे तेथे मोठी बाजारपेठ उभी राहिली होती. मात्र २५ जुलै १८५० च्या रात्री पॉइंट कॅब्रिलोजवळ खडकावर आदळून जहाज फुटले.

जहाजातील माल येथील मूळ रहिवासी असलेल्या पोमो लोकांच्या हाती लागला. चिनी मातीच्या तुकड्यांपासून त्यांनी अलंकार घडविले. १९८० च्या दशकात पोमोंच्या एका जुन्या वस्तीच्या उत्खननात असे तुकडे सापडले आणि विस्मृतीत गेलेला हा इतिहास उजेडात आला.

उरलेला माल मिळविण्यासाठी १८५१ मध्ये आलेल्या मंडळींना माल मिळाला नाही. दिसली ती रेडवूडची अफाट संपत्ती. १८५२ मध्ये बिग रिव्हर नदीच्या मुखाशी लाकूड कापण्याची गिरणी सुरू झाली आणि मेंडोसिनो गाव आकारास आले. पूर्व किनाऱ्यावरील न्यू इंग्लंड प्रांताच्या धाटणीची लाकडी घरे हे त्याचे आजचे प्रमुख आकर्षण होय.

उत्तरेकडील फोर्ट ब्रॅग येथे १८५७ मध्ये लष्करी ठाणे स्थापन झाले. मूळ रहिवाशांना एकत्र आणून ठेवण्यासाठी आखलेल्या राखीव प्रदेशावर देखरेख ठेवणे, हा त्याचा हेतू होता. १८६६ मध्ये हा राखीव प्रदेशही बंद करण्यात आला आणि जमीन वसाहतकारांसाठी खुली झाली. लाकडाच्या वाहतुकीसाठी १८८५ मध्ये सुरू झालेली रेल्वे पुढे 'स्कंक ट्रेन' या नावाने पर्यटकांची आवडती झाली. येथील 'ग्लास बीच' ही पुळण मुळात कचरा टाकण्याची जागा होती. १९६७ पर्यंत टाकलेल्या काचा लाटांनी घासून गुळगुळीत खड्यांसारख्या केल्या.

दक्षिणेकडील पॉइंट अरीना येथील १८७० चे दीपगृह १९०६ च्या भूकंपात निकामी झाले. त्याच्या जागी १९०८ मध्ये उभारलेला प्रबलित काँक्रीटचा ३५ मीटर उंच मनोरा आजही उभा आहे.

फोर्ट ब्रॅगची लाकूड गिरणी २००२ मध्ये बंद पडली आणि गावाचा मुख्य आधार गेला. पर्यटनाचा भार वाढला; पण समुद्रही बदलत होता. २०१४ नंतर उष्ण झालेले पाणी आणि समुद्री साळिंदरांची बेसुमार वाढ यांमुळे केल्प या सागरी वनस्पतीची बहुतांश वने नष्ट झाली. त्यांवर जगणाऱ्या ॲबलोन शिंपल्यांची उपासमार झाली आणि २०१८ मध्ये त्यांच्या हौशी शिकारीवर बंदी आली. ॲबलोनसाठी दरवर्षी येणाऱ्या पाणबुड्यांवर अवलंबून असलेल्या येथील व्यावसायिकांना त्याची झळ बसली.

अरण्य आणि समुद्र यांच्या आधाराने वसलेल्या या गावांपुढे, त्या दोहोंना जपूनच पुढची वाट शोधण्याचे आव्हान आहे.