लाख कोटींची चाळणी

नांदेडच्या यशवंत महाविद्यालयात गणित व संख्याशास्त्र विभागाची संगणक प्रयोगशाळा काही वर्षांपूर्वी सलग अनेक महिने एकाच कामाला जुंपली होती. एकपासून एक लाख कोटीपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या काढायच्या आणि त्या कशा विखुरल्या आहेत ते तपासायचं, असं ते काम. ते हाती घेतलं होतं तिथले प्राध्यापक नीरज अनंत पांडे यांनी. मूळ संख्या काढणाऱ्या तीन चाळण्यांची तुलना करणारा त्यांचा निबंध २०१३ मध्ये आला; २०१५ पासून लाख कोटींपर्यंतच्या विश्लेषणाचे निबंध एकामागून एक येत गेले. प्रोग्राम जावा भाषेतले, यंत्रं कॉलेजातलीच. आभार मानताना त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स विभागाचाही उल्लेख केला आहे, कारण काम मध्येच थांबू नये म्हणून विजेची सोय त्या विभागाने केली होती. मराठवाड्यात राहणाऱ्यांना या आभाराचं मोल वेगळं सांगायला नको.

७८ हजारांच्या बळावर

जिला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असतात, ती मूळ संख्या. शाळेत आपण १ ते १०० चा तक्ता मांडून २ च्या पटी खोडतो, मग ३ च्या, ५ च्या, ७ च्या. शेवटी २५ मूळ संख्या उरतात. एरॅटोस्थेनिसची ही चाळणी सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची, पण संगणकही तीच वापरतो.

१०० पर्यंत चाळताना ७ वर थांबता येतं, कारण १०० चं वर्गमूळ १०. लाख कोटींचं वर्गमूळ दहा लाख, आणि दहा लाखांच्या आत मूळ संख्या आहेत ७८,४९८. तेवढ्या हाताशी असल्या की लाख कोटींपर्यंतचा सगळा तक्ता चाळता येतो. एवढा तक्ता मेमरीत एका वेळी मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे पाडायचे. कुठलाच तुकडा दुसऱ्यावर अवलंबून नसतो, त्यामुळे ते वेगवेगळ्या यंत्रांना वाटून देता येतात.

लाख कोटींच्या आत मूळ संख्या आहेत ३,७६० कोटी ७९ लाख १२ हजार १८. शंभरापर्यंत चारात एक मूळ संख्या भेटते. इथे सरासरी सत्तावीसात एक. दोनचं अंतर असलेल्या जोडमूळ संख्यांच्या जोड्या १८७ कोटींवर भरतात, तर ७३,८८३ कोटी २९ लाख २७ हजार ९२७ नंतरची मूळ संख्या थेट ५४० घरं पुढे सापडते.

याहून नवलाची गोष्ट भागाकारातल्या बाकीची. मूळ संख्येला ३ ने भागलं की ३ सोडून इतर सगळ्यांची बाकी १ किंवा २ उरते. सुरुवातीपासून मोजत गेलं तर २ बाकीवाल्यांची संख्या १ बाकीवाल्यांच्या मागे कधीच पडत नाही. कोटी झाले, शंभर कोटी झाले, तरी तेच. हा नियमच असावा असं कुणालाही वाटेल. पण ६०,८९८ कोटी १८ लाख १३ हजार २९ या संख्येपाशी १ बाकीवाले पहिल्यांदा पुढे जातात. बेज आणि हडसन या अमेरिकी गणितज्ञांना ही जागा १९७६ मध्ये सापडली. पन्नास हजार कोटींपर्यंत मोजून थांबलेल्याला ती दिसलीच नसती. इतक्या लांबवर मोजायचं कशाला, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

चार कोटी अंकांची संख्या

चाळणी एका टप्प्यातल्या सगळ्या मूळ संख्या काढून देते. आजवरच्या सगळ्यांहून मोठी मूळ संख्या शोधायची तर वाट वेगळी. सतराव्या शतकातला फ्रेंच साधू मर्सेन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्या तिथे कामी येतात : २ चा एखादा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. त्या मूळ आहेत का हे ठरवणारी परीक्षा गणितज्ञ लुकासने १८७६ च्या सुमारास शोधली आणि पुढे लेमरने ती सुटसुटीत केली.

वही घ्या आणि १२७ तपासा. २ चा सातवा घात १२८, वजा १. सुरुवात नेहमी ४ ने. वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवायची. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ६७. पुढे ४२, मग १११, आणि पाचव्या पायरीला शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ.

ही रीत वापरणारा ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ हा उपक्रम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केला. जगभरचे हौशी लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरांट या सदस्याने शोधलेल्या संख्येवर शिक्कामोर्तब झालं : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक असं अखंड वाचलं तरी ४७४ दिवस पुरत नाहीत. ड्युरांट यांनी सतरा देशांतल्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या ग्राफिक्स चिप कामाला लावल्या होत्या. डब्लिनच्या चिपने आधी इशारा दिला आणि सॅन अँटोनियोच्या दुसऱ्या चिपने दुसऱ्या दिवशी खात्री केली.

चूक पकडणारं गणित

दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तपासायचं कारण उघड आहे : तेरा कोटींहून अधिक पायऱ्यांत एक आकडा चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात जाते. या काटेकोरपणाने चिप बनवणाऱ्यांनाही धडा दिलेला आहे. अमेरिकेतले प्राध्यापक थॉमस नाइसली १९९४ मध्ये जोडमूळ संख्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज करत होते. ८२,४६३ कोटी ३७ लाख २ हजार ४४१ आणि ४४३ या जोडीपाशी उत्तर जुळेना. शोध घेत ते थेट पेंटियम चिपच्या भागाकारातल्या दोषापर्यंत पोचले, आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला.

इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवायला साधारण तीनशे अंकी मूळ संख्या पुरतात. चार कोटी अंकी संख्येचा तसा रोजचा उपयोग नाही. मात्र तिच्या शोधासाठी अवाढव्य गुणाकार झटपट करण्याच्या रीती घासूनपुसून तयार होतात, यंत्रांची कसोटी लागते आणि शोधणाऱ्याला पुराव्यावाचून काही न मानण्याची सवय लागते.

मुदखेड जंक्शनवरून नांदेडला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी ही सवय लावून घ्यावी. भाड्याच्या चिप नकोत, परदेशी जायला नको. कॉलेजातल्या साध्या संगणकावर आधी दहा लाखांपर्यंतची चाळणी लिहा. उत्तर ७८,४९८ आलं की प्रोग्राम बरोबर. मग कोटी, मग शंभर कोटी. आणि प्राध्यापकांना विनंती अशी की, संध्याकाळी कुलूपबंद होणाऱ्या प्रयोगशाळेतली दोन यंत्रं तरी या मुलांसाठी रात्रभर चालू ठेवावीत. लाख कोटींपर्यंतची वाट आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजाने चालून दाखवली आहे.