शेवटची दहा पावलं

गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागतो, असं आमच्या लहानपणी मोठी माणसं सांगत. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचे मोहरांचे हंडे त्याला दिसतात, म्हणे! पडक्या वाड्याचा कोपरा, पिंपळाचा पार, हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग, या गोष्टी ऐकत आमची एक पिढी वाढली.

आता पायाळूचं काम उपग्रह करतात आणि हंड्याच्या जागी झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा असतो. डब्यात मोहरा नसतात. एक छोटी वही, पेन्सिलीचं थोटूक आणि असलाच तर पोरांसाठी एखादा रबरी बेडूक. तेवढ्यासाठी जगभरची शहाणीसुरती माणसं सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन रानोमाळ हिंडतात. या खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि बाकीच्यांनी तो शोधून, वहीत नाव लिहून, होता तसा परत ठेवायचा. संपला खेळ.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी. योगायोग असा, की हा खेळ जन्मला तो आमच्या घरापासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावर. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत लष्कर मुद्दाम घोळ घालून ठेवत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. २ मे २००० रोजी हा घोळ काढून टाकण्यात आला आणि जगातलं प्रत्येक जीपीएस यंत्र एका रात्रीत दसपट अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी पोर्टलंडबाहेरच्या बीव्हरक्रीक गावाजवळ रस्त्याकडेला एक काळी बादली नेऊन ठेवली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, गलोल, घेवड्याचा एक डबा असं काहीबाही. मग जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर टाकले. अट एकच: काही घ्या, काही ठेवा. काही दिवसांतच बादली सापडली. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत. त्या पहिल्या जागी आता एक स्मृतिफलक आहे, आणि आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना आम्ही तो धबधब्यांच्या बरोबरीनं दाखवतो!

आमच्या घरात हे खूळ आणलं धाकट्यानं, शाळेतल्या मित्राच्या वाढदिवसाहून. या खेळात प्रत्येक घराला एक टोपणनाव घ्यावं लागतं. आम्ही मूळचे साताऱ्याचे, म्हणून पोरांनी आमचं नाव ठेवलं ‘कंदी पेढे’. तासभर चालून यायचं, एखादा डबा शोधायचा, येताना कुठंतरी आइस्क्रीम खायचं, एवढंच त्याचं स्वरूप होतं. पण २०२४ साली या खेळानं आमच्या घरात जे काम केलं, त्यासाठी हा लेख.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझे सासरे साताऱ्याहून आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. त्यामुळे ही खेप पहिल्यांदाच एकट्यानं. अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून गेलेल्या कुणाही वडीलधाऱ्यांना विचारा, ते तोंडभरून कौतुक करतील. पण दुपारचं कसं जायचं, हे सांगणार नाहीत. सकाळी आठला घर रिकामं. रस्त्यावर नुसत्या मोटारी, माणूस नाही. एप्रिलातला इथला पाऊस धो धो कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर भुरभुरत राहतो. थोरली तेव्हा चौदाची, धाकटा नऊचा. शाळेतून आली की ‘हाय आबा’ म्हणून आपापल्या खोल्यांत. थोरलीला मराठी कळतं सगळं, पण बोलायला गेली की दुसऱ्या शब्दाला गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते. आबा सोफ्याच्या एका टोकाला बसून राहत. दुसरं टोक रिकामं सोडून, सासूबाई बसायच्या तसं.

दुसऱ्या आठवड्यात रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं मुलाला विचारलं, “काय रे, परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का?” यजमान “बघतो” म्हणाले. त्यानंतर कुणाच्याच घशाखाली घास उतरेना.

त्या शनिवारी धाकटाच म्हणाला, “आबांना पण नेऊ या.”

“कॅश म्हणजे काय, रोख रक्कम?” आबांनी विचारलं.

“पैसे नाहीत, आबा. वही असते. आपण जायचं आणि त्यात नाव लिहायचं.”

“म्हणजे हयातीचा दाखलाच की! पेन्शनीसाठी बँकेत जाऊन देतो तो मी रानात जाऊन देणार.” पण उठले, कानटोपी घातली आणि निघाले.

शेजारच्या बीव्हर्टन गावात ओढे आणि जुनी झाडं राखून ठेवलेलं एक मोठं निसर्गोद्यान आहे. तिथं शेवाळलेल्या ओंडक्यांपाशी फोननं ‘पोचलात’ म्हणून सांगितलं आणि नेहमीची गंमत सुरू झाली. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून तुम्हाला पार त्या झाडापर्यंत आणून सोडतात, पण तिथून पुढं त्यांचा उपयोग नाही. उंच झाडांखाली संकेत पानाफांद्यांवर आपटून वाकडेतिकडे येतात. फोनमधला बाण आधी उत्तरेला, मग तुमच्याच पाठीमागं, मग पुन्हा ओढ्याकडे. पोरं बाणामागून गोलगोल फिरत होती. आबा काठी टेकून एका जागी उभे.

आबांची उभी हयात मोजणी खात्यात गेली. भूकरमापक म्हणून. शंकूसाखळी, नकाशा आणि बरोबर दोन माणसं घेऊन सातारा जिल्ह्यातले बांध त्यांनी मोजले. हद्दीचे दगड शोधणं हे त्यांचं रोजचं काम. कुणी नांगरून पुरलेले, कुणी रातोरात सरकवलेले, कुणी घराच्या पायरीला लावलेले! ते पोरांना म्हणाले, “दगड कुठं असावा हे नकाशा सांगतो. दगड आहे का, ते हात सांगतो. त्या यंत्राकडे आता बघू नका. लपवणारा माणूस कुठं उभा राहिला असेल, ते बघा. तो काही हवेत तरंगत आला नव्हता.”

पायवाटेवरून एक पुसटशी वाट ओंडक्याच्या मागं गेलेली होती. तिच्या टोकाला सालीचे तीन तुकडे जरा जास्तच नीटनेटके रचलेले. “निसर्ग इतकं व्यवस्थित ठेवत नाही,” आबा म्हणाले. धाकट्यानं साली उचलल्या, खाली डबा! वहीत आबांनी पेन्सिलीनं मोडीत सही केली. त्या वहीत आधी आणि नंतर कुणी मोडीत सही केली असेल, असं मला वाटत नाही.

तिकिटाचा विषय त्या रात्री निघाला नाही. मीही काढला नाही.

मग दर शनिवार-रविवार ठरूनच गेला. जूनमध्ये इथं रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आठवड्यातल्या संध्याकाळीही. प्रत्येक वेळी डबा सापडतोच असं नाही. नदीकाठच्या एका पुलाखाली आम्ही पाऊण तास भिजत शोधलं, काट्यांत बाह्या फाटल्या. त्या ब्लॅकबेरीला इथं सगळे ‘हिमालयन’ म्हणतात, मूळ आर्मेनियाकडची असूनही. आबांच्या दृष्टीनं ती करवंदीची जाळीच. हाती काही लागलं नाही. या खेळात ‘सापडला नाही’ हीसुद्धा रीतसर नोंद करायची असते. मागून येणाऱ्याला ती उपयोगी पडते, आणि चारपाच जणांनी तसंच लिहिलं की डबा हरवला असावा हे मालकाला कळतं. आबांना हा नियम फार पसंत पडला. मोजणीतही दगड मिळाला नाही, तर मिळाला नाही असंच लिहायचं असतं, म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे लपूनछपून शोधणं. खेळ माहीत नसलेल्या लोकांना या मंडळींनी हॅरी पॉटरच्या पुस्तकातलं नाव दिलंय, ‘मगल’. मगलांच्या नजरेस न पडता डबा काढायचा. इथल्या दुकानांच्या वाहनतळांवर दिव्याच्या खांबाच्या बुडाशी एक पत्र्याचं झाकण असतं, ते वर सरकतं आणि त्याखाली हमखास डबी असते. भर दुपारी चारचौघांत खांबाशी चाळे करणारं कुटुंब बघून लोक थबकतात. आबांनी त्यावर उपाय काढला. ते खांबाला टेकून चपलेचा पट्टा सोडबांध करत उभे राहायचे. म्हाताऱ्या माणसाच्या चपलेकडे कुणी संशयानं बघत नाही! आड बसलेली थोरली तोवर सही करून मोकळी. ती त्या दिवसांत आबांशी जे बोलायची ते सगळं कुजबुजत, आणि मराठीत. मगलांना कळू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये एकदा पोर्टलंडच्या पश्चिमेच्या डोंगरावर, स्कायलाइन रस्त्यावरून चाललो होतो. जायचं होतं फॉरेस्ट पार्कमधल्या एका डब्याकडे. वाटेत ‘विलॅमेट स्टोन’ अशी पाटी दिसली आणि आबा म्हणाले, “कसला दगड आहे तो? थांबा जरा.” रस्त्यापासून झाडीत उतरणारी छोटीशी पायवाट, खाली एक खूण आणि माहितीफलक. ४ जून १८५१ रोजी जॉन प्रेस्टन या सरकारी मोजणी अधिकाऱ्यानं इथं देवदाराची एक खुंटी ठोकली. १८८५ साली खुंटीच्या जागी दगड बसवला. या बिंदूतून एक रेषा दक्षिणोत्तर, एक पूर्व-पश्चिम; ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोन्ही राज्यांतल्या जमिनीची मोजणी इथून सुरू होते. आम्ही राहतो त्या घराचा तुकडाही याच खुंटीपासून मोजलेला.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “साखळी किती फुटांची होती यांची?”

थोरलीनं फोनवर शोधलं. “सिक्स्टी-सिक्स. सहासष्ट फूट. गंटर नावाच्या माणसानं १६२० मध्ये काढली.”

“आमची तेहेतीस फुटांची. सोळा आण्यांची. तेहेतीस गुणिले तेहेतीस, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर.”

पोरीनं तिथंच खाली बसून गुणाकार केले. सहासष्टचा वर्ग चार हजार तीनशे छपन्न. बरोबर चार गुंठे. ती ओरडलीच, “आबा, ही तर आपलीच साखळी आहे! दुप्पट!” मला वाटतं, साताऱ्याचं काहीतरी या मातीत आधीपासूनच होतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आजोबा काय काम करायचे, हेही. फॉरेस्ट पार्कमधला डबा त्या दिवशी राहिलाच.

हे वाचून कुणाला आपल्याकडे करून बघावंसं वाटेल, म्हणून चार गोष्टी सांगते. भारतातही असे डबे आहेत, पण तुरळक. खेळायला फोन पुरतो. लपवायचा असेल तर मात्र जागेच्या मालकाची परवानगी हवीच, आणि खड्डा खणून पुरायला सक्त मनाई आहे. डब्यात खाद्यपदार्थ नकोत, मुंग्यांपासून अस्वलांपर्यंत सगळे येतात. बेवारस डबा दिसला की काय धावपळ उडते, हे मुंबईच्या लोकल प्रवाशाला सांगायला नको. अमेरिकेतही असल्या डब्यांपायी पोलिसांची बॉम्बशोधक पथकं आलेली आहेत. म्हणून गर्दीच्या जागा, स्टेशनं, शाळा टाळायच्या. आणि गडकिल्ल्यांवर जुन्या चिऱ्यांना हात लावायचा नाही. डबा सापडला नाही तरी चालेल, पण ढासळलेला चिरा पुन्हा बसवता येत नाही.

आबा ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरात परत गेले, एक दिवसही आधी नाही. जाण्यापूर्वी त्यांनी आणि पोरांनी मिळून आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत, व्यवस्थापनाची लेखी परवानगी काढून, एक डबा लपवला. नवा डबा जुन्यापासून निदान ५२८ फुटांवर असावा असा नियम आहे. “म्हणजे सोळा साखळ्या,” आबा म्हणाले आणि खूश झाले. एकही फूट इकडेतिकडे नाही. स्वयंसेवक परीक्षकानं आकडे तपासले आणि डबा जाहीर झाला. जाहीर केलेले आकडे तुम्हाला नेतात एका बाकापर्यंत. पुढं लिहिलंय: इथून पूर्वेला तीन साताऱ्याच्या साखळ्या चला, एक साखळी तेहेतीस फुटांची. शेवटची वाट पावलांनी मोजायला लागावी, हा आबांचा हट्ट.

डबा सापडला की लोक वहीत सही करतात आणि इंटरनेटवर दोन ओळी लिहितात. दर रविवारी सकाळी थोरली साताऱ्याला फोन लावते आणि आठवड्याभरातल्या ओळी आबांना मराठीत करून सांगते. कुणी सायकलवरून आलं होतं, कुणाची आजी बाकावर बसून पावलं मोजत होती, कुणी दोन साखळ्यांनंतर चुकून उत्तरेला वळलं. शब्द अडला की ती थांबते, आबा सुचवतात, गाडी पुढं जाते. सगळं ऐकून झाल्यावर ते न चुकता एकच विचारतात, “आपला दगड हलला नाही ना कुणी?”