सॉफ्टवेअर भाड्याचे, गाणे कोणाचे?

१४ एप्रिल जवळ आला की शीळफाट्याच्या वस्त्यांतली पोरे खिडकीला गोधडी लावून भीमगीत रेकॉर्ड करायला बसतात. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर तरीही माइकमध्ये शिरते, तो भाग वेगळा! कॅसेटच्या जमान्यात आपल्या गायकांना कंपनीच्या दारात ताटकळावे लागे. आता स्टुडिओ घरातल्या संगणकात आला आहे. पण त्या संगणकातला प्रोग्राम कोणाच्या मालकीचा, हे आपण विचारतो का?

१९९७ साली बेल्जियममध्ये निघालेले फ्रुटीलूप्स, म्हणजे आजचे एफएल स्टुडिओ, एकदा विकत घेतले की पुढच्या आवृत्त्या कायम मोफत मिळतात. केकवॉकच्या ग्राहकांनाही असेच आजीवन अपडेटचे आश्वासन मिळाले होते. २०१७ मध्ये गिब्सन कंपनीने ते कामच गुंडाळले. २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतले आणि फुकट दिले. मार्च २०२३ मध्ये वेव्हज कंपनीने कायमची विक्री थांबवून वर्गणी लादली. जगभरच्या संगीतकारांनी ओरड केली तेव्हा काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. संघटित आवाजाची ताकद आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

वर्गणीचा प्रोग्राम म्हणजे भाड्याची खोली. भाडे थकले की कुलूप, आणि अर्धवट गाणे आत. म्हणून प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून ठेवावी. ती कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडते.

मग चोरीची प्रत वापरावी काय? मुळीच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३-ब पाहा. जाणूनबुजून असा प्रोग्राम वापरल्यास किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. पण सुपारी घेऊन गाणे केले की ती सवलत मागता येत नाही. फुकटचे आणि स्वस्तातले कायदेशीर पर्याय असताना पोरांनी ही जोखीम का घ्यावी?

प्रोग्राम फुकट मिळाला म्हणून गाणेही फुकट देऊ नये. आमच्याकडे येणारे बहुतेक कलावंत तोंडी सौदा करून बसलेले असतात. कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि सही असल्याशिवाय गाण्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. जुने कागद घरात असतील तर त्यावरची तारीख आजच तपासा.