जुन्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील दोषांचे निदान : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्वयंचलित गिअरबॉक्सचा मोठ्या प्रमाणावरील वापर जनरल मोटर्सच्या ‘हायड्रा-मॅटिक’पासून सुरू झाला. १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत तो प्रथम बसविण्यात आला. भारतात २०१४ मध्ये सेलेरिओ ही एएमटी गाडी आल्यानंतर हे तंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात कारागिरांचा हात प्रामुख्याने ट्रॅक्टर, जीप व हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांवर बसलेला आहे. अशा ठिकाणी जुनी स्वयंचलित गाडी झटके देऊ लागली की ‘गिअरबॉक्स गेला’ असा निर्णय घाईने होण्याचा धोका असतो. जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च मोठा असल्याने निदानाचा योग्य क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याच क्रमाचे विवेचन केले आहे.

प्रकाराची ओळख :
सर्व स्वयंचलित गिअरबॉक्स एकाच रचनेचे नसतात. एएमटीमध्ये नेहमीचाच गिअरबॉक्स व कोरडा क्लच असतो. केवळ तो दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्रणा करते. तेथे झटक्यांचे कारण बहुधा क्लचची झीज, कमकुवत बॅटरी किंवा क्लच बदलल्यानंतर राहून गेलेली ‘लर्निंग’ प्रक्रिया हे असते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या प्रकारात मात्र तेलाच्या दाबावर क्लच-संच आवळले जातात. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

वार्धक्याची कारणे :
या गिअरबॉक्सचा मुख्य शत्रू उष्णता होय. तेल तापले की त्याचे ऑक्सिडीकरण होते, रबरी सील कडक होतात व आतील दाब गळू लागतो. हिंगोलीचा उन्हाळा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा दिवसांत हळदीने भरलेल्या ट्रॉलीमागे गाडी बराच वेळ रेंगाळत राहिली, तर कन्व्हर्टरमधील घसरणीमुळे तेल अधिकच तापते.

निदानाचा क्रम :
१) तेल : उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच पातळी पाहावी. पातळी कमी असल्यास गिअर उशिरा पडतो. जास्त असल्यास तेलाला फेस येऊन दाब घटतो. केवळ गडद रंग हा दोषाचा पुरावा नव्हे. परंतु जळका वास व तळाशी काळी भुकटी आढळल्यास क्लचची झीज संभवते.

२) विद्युत भाग : बॅटरीचा दाब, अर्थिंग व वायरींचे जोड तपासावेत. स्कॅनरवर ‘पी ०७००’ दिसल्यास ती केवळ सूचना असते. मूळ दोष गिअरबॉक्सच्या नियंत्रकातून वाचावा लागतो. ‘पी ०७१५’ वेग-संवेदकाकडे, तर ‘पी ०७३०’ अपेक्षित गिअर-गुणोत्तर न मिळण्याकडे निर्देश करतो.

३) लक्षणे : सर्व गिअरांत घसरण असल्यास पंप, गाळणी किंवा मुख्य दाब यांचा संशय घ्यावा. एकाच गिअरमध्ये असल्यास त्याचा क्लच वा सोलेनॉइड तपासावा. दोष थंडीत आहे की तापल्यावर, याची नोंद ठेवावी. तापल्यावर वाढणारी घसरण बहुधा झिजलेल्या सीलमधील गळती दर्शविते.

४) चाचण्या : न्यूट्रलमधून ‘डी’मध्ये टाकल्यावर गिअर लागण्यास सामान्यतः सुमारे दीड सेकंदाहून अधिक वेळ लागू नये. नंतर दाबमापकाने तेलाचा दाब मोजावा. ब्रेक दाबून इंजिन पूर्ण रेस करण्याची ‘स्टॉल’ चाचणी पाच सेकंदांहून अधिक करू नये, आणि उत्पादकाने मनाई केली असल्यास मुळीच करू नये.

एक गैरसमज :
तेल बदलल्याने जुना गिअरबॉक्स बिघडतो, असा समज आढळतो. वस्तुतः बहुतेक वेळा क्लच आधीच झिजलेला असतो व दोष उघड झाल्यानंतरच तेल बदलले जाते. त्यामुळे दोषारोप तेलावर येतो. तथापि जुन्या गिअरबॉक्समध्ये यंत्राने दाब देऊन ‘फ्लशिंग’ करण्यापेक्षा तेल काढून नवे भरणे अधिक सुरक्षित होय.

निष्कर्ष :
१) झटका वा विलंब हे लक्षण आहे, निदान नव्हे.
२) तेल, विद्युत जोड व नोंदलेले संकेत या कमी खर्चाच्या तपासण्या आधी कराव्यात, गिअरबॉक्स उघडणे ही अखेरची पायरी होय.
३) आयटीआय व तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रमांत या निदानक्रमाला प्रात्यक्षिकाची जोड मिळाल्यास, दुरुस्तीसाठी दूरच्या शहरात जाण्यापूर्वीच वाहनधारकाला योग्य सल्ला मिळू शकेल.